गोळी बंद करून किडनी वाचत नाही

‘फिटची गोळी किडनी खाते.’ आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात हे वाक्य आता इतकं रुळलंय, की पहिल्यांदा कोण म्हणालं हे विचारायचीही सोय राहिलेली नाही. मंचरमध्ये मेडिकलच्या काउंटरवर ते ऐकू येतं, कांद्याच्या लिलावाला उभ्या माणसांत ऐकू येतं, दशक्रियेला जमलेल्या पाहुण्यांत तर हमखास. अलीकडे त्याला एक शेपूट फुटलंय: ‘अहो, तसं संशोधनच आहे.’ नुसती ऐकीव गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण संशोधनाचं नाव घेऊन सांगितलं की माणसं त्यावर काही तरी करून मोकळी होतात, आणि इथे करणं म्हणजे पोराची, सुनेची किंवा म्हाताऱ्या बापाची वर्षानुवर्षं चाललेली गोळी एका रात्रीत बंद.

गोळी कोणती, तर फेनोबार्बिटोन. लोकांच्या तोंडी ‘गार्डिनल’. बार्बिट्युरेट कुळातली, स्वस्त, बहुधा रात्री एकदाच घ्यायची, बारीक पांढरी गोळी. भारतात फिट येणाऱ्यांची संख्या एक कोटीहून अधिक मानली जाते, आणि त्यांतल्या गरीब घरांना महिन्याच्या खर्चात बसेल अशी जी दोन-तीन औषधं आहेत, त्यांत ही सगळ्यांत जुनी.

बार्बिट्युरेट आणि निकामी किडनी यांवर संशोधन झालंय, भरपूर झालंय, हे मी आधीच मान्य करून टाकतो. माझं भांडण ते कसं वाचलं जातं याच्याशी आहे. ठरलेल्या डोसमध्ये ही गोळी धडधाकट किडनी निकामी करते, याला त्या संशोधनात आधार नाही. किडनी आधीच निकामी झालेल्या माणसाच्या अंगात मात्र ही गोळी साठू शकते आणि त्याला गुंगवून टाकू शकते, याला भक्कम आधार आहे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली, आणि त्या अदलाबदलीवर लोक आपल्या माणसांचे उपचार ठरवू लागले.

थोडा इतिहास सांगावा लागेल, पण लवकर आटोपतो. १९०३ साली एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटाल हे झोपेचं औषध पुढे आणलं. ‘व्हेरोनाल’ या नावाने ते युरोपभर खपलं. १९१२ साली बायर कंपनीचं फेनोबार्बिटाल, म्हणजेच आपलं फेनोबार्बिटोन, ‘ल्युमिनल’ या नावाने आलं आणि त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरला दिसलं, की झोपेसाठी दिलेल्या या औषधाने रुग्णांच्या फिटही कमी होतात. तेव्हापासून आजवर ते टिकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत ते होतं आणि आजही आहे.

या कुळातली सगळी औषधं एका वाटेने शरीराबाहेर जात नाहीत. ‘बार्बिट्युरेटने किडनी जाते’ असं ठोकून देणाऱ्याला हे माहीत नसतं. जुनं बार्बिटाल बहुतांश जसंच्या तसं लघवीवाटे निघून जायचं. फेनोबार्बिटाल साधारण एक चतुर्थांश लघवीतून जातं, बाकीचं यकृत मोडतं. झोपेसाठी पुढे आलेली पेंटोबार्बिटाल, सेकोबार्बिटाल ही औषधं जवळपास पूर्णपणे यकृताच्या स्वाधीन. म्हणजे किडनीशी कुणाचा किती संबंध, हेच मुळात औषधागणिक बदलतं. सगळ्यांना एकाच आरोपपत्रात कोंबायचं तर आधी एवढं तरी बघावं.

आता ते संशोधन. त्याचा मोठा ढीग विषबाधेचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेत झोपेच्या गोळ्या म्हणजे बार्बिट्युरेटच होत्या, घरोघरी होत्या, आणि त्यांचा अतिरेक झालेले रुग्ण रोज दवाखान्यात येत. खोल बेशुद्धी, मंद श्वास, खाली गेलेला रक्तदाब, थंड पडलेलं अंग. त्यांतल्या काहींची लघवी बंद व्हायची. ‘बार्बिट्युरेट विषबाधा आणि तीव्र मूत्रपिंड निकामी’ अशा मथळ्यांचे शोधनिबंध त्या काळातले आहेत, आणि मथळ्यापाशीच थांबलं तर आपल्याकडच्या अफवेला ते शिक्कामोर्तबच वाटेल.

मथळ्याच्या खाली मात्र वेगळी हकिकत आहे. रक्तदाब तासन्‌तास कोसळलेला राहिला की मूत्रपिंडाला रक्तच पोचत नाही, आणि त्यातल्या बारीक नलिका मरतात. दुसरं म्हणजे बेशुद्ध माणूस कूस बदलत नाही. स्वतःच्याच हाताखाली, मांडीखाली दबलेला स्नायू बारा-पंधरा तास तसाच चेपून राहतो, मरतो, आणि त्यातलं मायोग्लोबिन नावाचं लाल द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतं. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं चार-सहा दिवसांनी लघवी बंद होऊन का मरतात याचा उलगडा एरिक बायवॉटर्स यांनी केला होता. तीच ही गोष्ट. तिथे भिंत अंगावर पडली होती, इथे माणूस स्वतःच्याच अंगाखाली आला होता. ढिगाऱ्याखालच्या माणसाने बार्बिट्युरेटचा कणही घेतलेला नव्हता.

त्या निबंधांतल्या रुग्णांनी रात्री जेवल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली एक गोळी घेतलेली नव्हती. मंचर-घोडेगावच्या कुठल्याही घरात कपाटावर ठेवलेल्या पाकिटातून रोज एक गोळी घेणाऱ्या पोराला तो निष्कर्ष लावायचा, म्हणजे विहिरीत बुडून माणूस मेला म्हणून तांब्याभर पाणी पिणं सोडून देण्यासारखं आहे.

त्याच काळातली उपचारांची कथा या अफवेच्या विरुद्धची माझी सगळ्यांत आवडती साक्ष आहे. कोपनहेगनमध्ये १९४९पासून अशा विषबाधांसाठी वेगळं केंद्र सुरू झालं. क्लेमेसेन आणि निल्सन या डॉक्टरांनी तोवर सर्रास दिली जाणारी उत्तेजक इंजेक्शनं बंद केली. श्वास चालू ठेवा, रक्तदाब सांभाळा, कूस बदलत राहा, अंग ऊबदार ठेवा. बाकी औषध आपसूक उतरेल. मृत्यूचं प्रमाण वीस टक्क्यांच्या घरातून एक-दोन टक्क्यांवर आलं. तिथूनच १९६०च्या सुमारास आणखी एक उपचार पुढे आला: शिरेतून भरपूर पाणी आणि सोडा देऊन लघवी वाढवायची, ती अल्कधर्मी करायची, म्हणजे फेनोबार्बिटाल लघवीत अडकून लवकर बाहेर पडतं. हा उपचार आता पहिल्या पसंतीचा राहिलेला नाही. आज वारंवार सक्रिय कोळसा पाजणं अधिक उपयोगाचं मानतात, आणि गंभीर रुग्णाला डायलिसिस. पण विचार करा. फेनोबार्बिटाल मूत्रपिंडाचं विष असतं, तर जगभरच्या डॉक्टरांनी दोन-तीन दशकं तेच विष मुद्दाम त्याच मूत्रपिंडातून जास्तीत जास्त वाहून नेलं असतं का? ज्यांच्या किडन्या आधीच बसल्या होत्या त्यांना हा उपचार वर्ज्य होता, आणि तो कशामुळे, तर एवढं पाणी बाहेर पडणार नाही, फुप्फुसांत साठेल म्हणून.

दुसरा ढीग उंदरांचा. फेनोबार्बिटाल हे प्रयोगशाळेतलं एक अवजारही आहे, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते काही दिवस दिलं की यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा चेकाळते. म्हणून दुसऱ्या एखाद्या पदार्थाचं यकृतात काय होतं हे शोधायचं असलं, की संशोधक उंदरांना आधी फेनोबार्बिटाल देतात. १९६०च्या दशकात मेथॉक्सिफ्लुरेन नावाचं भुलीचं औषध किडनी बिघडवतं असं लक्षात आलं. त्याच्या मोडणीतून फ्लोराइड सुटायचं आणि ते नलिकांना मारायचं. फेनोबार्बिटाल दिलेल्या उंदरांत ही मोडणी जोरात झाली, फ्लोराइड जास्त सुटलं, इजाही जास्त झाली. दोषी फ्लोराइड. मेथॉक्सिफ्लुरेन त्या कामातून हद्दपार झालं. पण निबंधाच्या शीर्षकात ‘फेनोबार्बिटाल’ आणि ‘मूत्रपिंडाची इजा’ हे शब्द शेजारी-शेजारी येतात, आणि शीर्षकावरून संशोधन समजून घेणाऱ्यांची जगात कधीच कमतरता नव्हती.

तिसरा ढीग सगळ्यांत मोलाचा, कारण बाण नेमका कुठल्या दिशेचा आहे हे त्यातच दिसतं. १९५४ साली डंडी आणि रिचर्ड्स यांनी दाखवलं, की रक्तातला युरिया वाढलेल्या माणसाला भुलीसाठी थायोपेंटाल हे बार्बिट्युरेट दिलं तर ते जास्त चढतं, जास्त वेळ राहतं. पुढे कारण कळलं. हे औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतं. जो भाग मोकळा असतो तोच मेंदूवर काम करतो. निकामी किडनीच्या रुग्णात ही चिकटण्याची जागा कमी होते आणि मोकळा अंश जवळपास दुप्पट होतो. बाटलीवर लिहिलेला डोस तोच, अंगात उतरलेला डोस वेगळा. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ आधी किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन विचारतो. रिपोर्ट हातात घेऊन तो ‘औषधाने किडनी जाईल का’ असं विचारत नसतो. ‘या किडनीला हे औषध किती झेपेल’ असं विचारत असतो.

माणसांवरचा प्रत्यक्ष अनुभवही आहे. चीनच्या ग्रामीण भागात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने २,४५५ रुग्णांना फेनोबार्बिटाल दिलं गेलं. २००६ साली त्याचे निकाल छापून आले. बारा महिने औषध पूर्ण केलेल्यांपैकी ६८ टक्के लोकांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटल्या, एक तृतीयांश लोकांच्या पूर्ण थांबल्या. दुष्परिणामांमुळे औषध सोडावं लागलेले एक टक्का. आपल्या शेजारी कर्नाटकात येळंदूर तालुक्यात डॉ. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या रुग्णांवर हेच औषध आणि फेनिटोइन वापरून केलेलं काम २००१ साली ‘लॅन्सेट’ मासिकात आलं. गावपातळीवर, साध्या डॉक्टरांच्या हातून, स्वस्त औषधाने फिट आवरता येतात, हे त्याचं सार.

‘पण औषधानेच किडन्या गेल्याची उदाहरणं आहेत ना!’ आहेत. महाराष्ट्राला तर ती पाठ असायला हवीत. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. मेंदूचा किंवा डोळ्याचा दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरीन पाजलं होतं, आणि त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्यामागची खरेदी, तपासणी आणि मंत्रालयापर्यंतची सडकी साखळी उघड केली. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्याच नागपुरात आणली गेली होती. पुन्हा तेच विष. आणि ज्या उदाहरणात खरोखर गुंगी आणणारं औषध होतं, ते दक्षिण आफ्रिकेतलं: १९६९ साली केपटाउनमध्ये मुलांना शांत झोपवण्याचं पातळ औषध पिऊन सात मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. तिथेही झोपेचा घटक निर्दोष ठरला. ज्या द्रावात तो विरघळवला होता तो द्राव म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल.

ही उदाहरणं मी टाळत नाही, उलट ती जास्त ओरडून सांगायला हवीत. औषधाने किडनी गेली तर औषध कुणी बनवलं, कशात बनवलं, कुणी तपासलं, हे विचारायचं असतं. आपण काय करतो? भेसळीची भीती उचलतो आणि साठ मिलिग्रॅमच्या निरपराध गोळीवर ओततो. बाटलीतल्या पातळ औषधाचा कारखाना आणि सरकारी तपासणी दोन्ही सुटतात, आणि शिक्षा फिट येणाऱ्या पोराला होते.

आता फेनोबार्बिटोनवरचे खरे आरोप. माझा पक्ष त्याला निर्दोष ठरवण्याचा नाही. या गोळीने क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी येते: ताप, अंगभर पुरळ, गाठी, यकृताला सूज, आणि त्या झपाट्यात कधीकधी किडनीलाही सूज. ही प्रतिक्रिया बहुधा औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत येते, आणि तेव्हा गोळी ताबडतोब थांबवून दवाखाना गाठायलाच हवा. लहान मुलं या गोळीवर कधी चिडचिडी, कधी मंद होतात. शाळेत मागे पडतात. शिक्षक ‘लक्ष देत नाही’ म्हणतात आणि कुणी गोळीचा विचार करत नाही. वर्षानुवर्षं घेतली तर ड जीवनसत्त्व लवकर मोडतं आणि हाडं मऊ पडतात.

आणि सगळ्यांत दडवून ठेवलेली गोष्ट. ही गोळी यकृताला चेकाळवते, म्हणून संततिनियमनाच्या गोळ्यांचा असर घटतो. फिटची गोळी आणि सरकारी ‘माला-एन’ दोन्ही घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगतं का? नवं मूल पोटात आलं की दोष तिच्या विसराळूपणाला. किडनीची अफवा पारावर चघळली जाते आणि ही खरी गोष्ट तिच्या कानापर्यंत पोचत नाही. गरोदरपणात फेनोबार्बिटोनचा बाळाला धोका असतो, हेही तिला लग्नाआधी सांगायला हवं. आपल्याकडे लग्न ठरवताना फिटची गोष्टच लपवली जाते, मग सांगणार कोण आणि कधी?

किडनी बदललेल्या रुग्णाचंही असंच. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही नवी किडनी टिकवणारी औषधं फेनोबार्बिटोनमुळे लवकर मोडतात, रक्तातलं प्रमाण खाली येतं आणि शरीर ती किडनी नाकारू शकतं. गोळीने किडनी जाऊ शकते अशी खरी, मोठी वाट दाखवायची तर ही एकच, आणि ती प्रत्यारोपण झालेल्या मोजक्या माणसांची. त्यांना त्यांचे डॉक्टर हे सांगतात. पारावरच्या मंडळींना ती माहीतही नसते.

इथपर्यंत मी एका बाजूशी भांडलो. दुसरी बाजू म्हणजे ‘काही होत नाही, चालू ठेवा’ म्हणणारे. फार वर्षांपूर्वी लिहिलेली चिठ्ठी, तीच गोळी, तोच डोस. मधल्या काळात माणसाला साखर झाली, बीपी झालं, क्रिएटिनिन चढत गेलं, पण फिटच्या गोळीकडे कुणी बघितलं नाही. तंदुरुस्त माणसाच्या अंगातूनही फेनोबार्बिटाल निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागतात. म्हणून तर ती दिवसातून एकदा पुरते. किडनी मंदावली की हा काळ आणखी लांबतो, दिवसामागून दिवस गोळी साठत जाते आणि म्हातारा दिवसभर पेंगतो, बोलताना जीभ जड होते, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात ‘युरिया डोक्यात चढला’. दवाखान्यातही कधीकधी तेच म्हटलं जातं, कारण निकामी किडनीने येणारी गुंगी आणि साठलेल्या गोळीने येणारी गुंगी खाटेशेजारी उभं राहून वेगळी करता येत नाही. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं की करता येते. लिटरमागे साधारण १५ ते ४० मिलिग्रॅमच्या पलीकडे आकडा गेला, तर गुंगीचं कारण समोर असतं आणि डोस कमी केला की माणूस काही दिवसांत डोळे उघडून बोलू लागतो. ही तपासणी तालुक्याला होत नसेल तर नमुना पुण्याला जाऊ शकतो. अडचण प्रयोगशाळेची कमी आणि सुचण्याची जास्त आहे.

डायलिसिसवर गेलेल्या रुग्णाचं तर उलटंच होतं. डायलिसिसचं यंत्र फेनोबार्बिटाल रक्तातून बऱ्यापैकी काढून टाकतं. चार तास मशीनवर बसून माणूस घरी येतो आणि त्याच रात्री त्याला फिट येते. घरच्यांना वाटतं, डायलिसिसने मेंदू बिघडला. कारण साधं असतं: गोळी धुऊन निघाली. म्हणून त्या दिवशीची गोळी डायलिसिसनंतर घ्यायची आणि गरजेप्रमाणे थोडी वाढवायची, असा शिरस्ता आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, पण रुग्णाच्या हातात ‘फिटची गोळी आज केव्हा’ एवढं लिहिलेला कागद मिळाला तर त्याची एक रात्र वाचेल.

‘किडनी वाचवायची’ म्हणून ही गोळी एकदम बंद केली की काय होतं, ते आता सांगतो. फेनोबार्बिटोनची सवय झालेला मेंदू ती अचानक काढून घेतली की उसळतो. एक फिट संपायच्या आत दुसरी, दुसरी संपायच्या आत तिसरी. माणूस शुद्धीवर येतच नाही, याला स्टेटस म्हणतात आणि त्यात माणसं मरतात. अर्धा-पाऊण तास सगळ्या अंगाचे स्नायू आवळून-ताणून राहिले की ते फुटू लागतात. त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात येतं, लघवी काळपट लाल होते, मूत्रपिंडाच्या नलिका तुंबतात. लंडनच्या ढिगाऱ्याखाली जे झालं, झोपेच्या गोळ्यांनी बेशुद्ध पडलेल्या रुग्णांत जे झालं, तेच मंचरच्या एखाद्या घरात, गोळी फेकून दिल्यामुळे. ज्या आजाराच्या भीतीने गोळी सोडली तो आजार गोळी सोडल्याने ओढवला. आणि त्यानंतर गावात काय बोललं जातं? ‘बघा, म्हणत होतो ना, गोळ्यांनी किडन्या गेल्या.’

किडनीचा प्रश्न आला नाही तरी विहीर आहे, कालवा आहे, चूल आहे, शेततळं आहे. कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर एरवी धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. फिट येणाऱ्याला तिथे एक मिनिट पुरतं.

मग आपल्या भागात किडन्या जातात कशाने? इथे मला राग येतो, कारण उत्तरं सगळ्यांना माहीत आहेत आणि बोलायला कुणी तयार नाही. वर्षानुवर्षं न तपासलेली साखर आणि बीपी हे पहिलं. दुसरं, अंगदुखीच्या गोळ्या. टोमॅटोची तोडणी, कांद्याची काढणी, वाकून वाकून कंबर धरते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दोन रंगीत गोळ्यांची पुडी घेतली जाते, नाहीतर दवाखान्यात एक सुई मारून घेतली जाते. डायक्लोफेनॅकसारखी औषधं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ आवळतात. एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळून, अपुरं पाणी पिऊन, वर बीपीची आणि लघवीची गोळी चालू असताना ही पुडी रोज घेणाऱ्याच्या किडनीवर काय गुदरतं, हे सांगायला उंदरांचे प्रयोग नकोत. पण अंगदुखीची गोळी ‘साधी’ आणि फिटची गोळी ‘भारी’, अशी आपली समजूत. साध्या गोळीवर कुणी संशोधन शोधत नाही.

तिसरं, घोणस. उसात, गवतात, कांद्याच्या चाळीत. घोणसचं विष रक्त गोठण्याची व्यवस्था मोडतं आणि मूत्रपिंड बंद पाडतं; वेळेत प्रतिसर्पविष मिळालं नाही तर शेतकरी थेट डायलिसिसला जातो. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर अनेक वर्षं चालवलेलं काम इथल्या माणसाला अभिमानाने सांगता येतं. सर्पदंश झाल्यावर मांत्रिकाकडे घालवलेला एक तास जेवढ्या किडन्या घेतो, त्याच्याशी फेनोबार्बिटोनची तुलनासुद्धा हास्यास्पद आहे.

राहता राहिला शहाण्यांचा उपाय: ‘जुनी गोळी सोडा, नवी घ्या, नवी किडनीला सेफ.’ सोडायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, आठवडे-महिने घेऊन हळूहळू, नवी जम बसवेपर्यंत जुनी चालू ठेवून. तसं केलं तर माझी काहीच हरकत नाही. मुलांसाठी, मूल हवं असणाऱ्या बाईसाठी, हाडं ठिसूळ झालेल्यांसाठी, किडनी बदललेल्यांसाठी बदल करायलाच हवा. पण किडनी हे कारण सांगून बदलणार असाल तर नव्या गोळीची वाट बघून घ्या. आजकाल सगळ्यांत जास्त लिहिलं जाणारं लेव्हेटिरासिटाम सुमारे दोन तृतीयांश जसंच्या तसं लघवीतून जातं. फेनोबार्बिटाल एक चतुर्थांश जातं हे वर सांगितलंच आहे. गॅबापेंटिन जवळपास पूर्ण लघवीतून जातं. म्हणजे किडनीवर अवलंबून राहण्यात या नव्या गोळ्या जुनीच्या पुढे आहेत. त्या वाईट नाहीत, फक्त त्यांचा डोस किडनीच्या कामाप्रमाणे कमी करावा लागतो, आणि तो कमी केला नाही तर तीच गुंगी, तोच तोल, तेच ‘युरिया चढला’. किडनीच्या भीतीने गोळी बदलून आणलेल्या घरात क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागून बघा. पाकीट नवं असतं, पिशवी पुण्याच्या दवाखान्याची असते. रिपोर्ट बहुतेकदा निघत नाही, कारण रक्त तपासलेलंच नसतं.